थंडीतला सल्ला: बर्ड फ्लू, पाश्चरायझेशन आणि मुंबईचं तबेल्याचं दूध

(मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगडमधल्या दूध उत्पादकांसाठी, कालावधी कार्तिक ते फाल्गुन)

पाश्चराइज केलेलं दूध बर्ड फ्लूच्या विषाणूपासून सुरक्षित असतं. घरी नीट उकळलेलंही असतं. गिऱ्हाइकानं विचारलं तर हे उत्तर ठामपणे द्या, चाचरू नका. तबेलेवाल्याचं काम मात्र एवढ्यावर भागत नाही. दूध तापायच्या आधी जे काही घडतं ते सगळं तुमच्या गोठ्यात, तुमच्या माणसांच्या हातून घडतं. धार काढणाऱ्याच्या डोळ्यात उडालेला थेंब, मांजरीला टाकलेलं खराब दूध, आजारी म्हशीची बादली तशीच पुढच्या म्हशीखाली सरकवणं, यातल्या एकालाही पाश्चरायझर वाचवू शकत नाही. म्हणून या सल्ल्यात गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि त्याहून जास्त गोठ्याची काळजी आहे.

हेच महिने का

थंडी सुरू झाली की उत्तरेकडून रानबदकं आणि इतर पाणपक्षी कोकणपट्टीत उतरतात. ठाण्याची खाडी, ऐरोली, शिवडी, भांडुपचं पंपिंग स्टेशन, उरणच्या पाणथळ जागा हे त्यांचे मुक्काम. बर्ड फ्लूच्या विषाणूचं मूळ घर हेच पाणपक्षी, त्यातही बदकं. त्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात येतो, तिथून कावळे, बगळे, परसातल्या कोंबड्या असा पुढे सरकतो. फ्लेमिंगो बघायला गर्दी करण्यात काही धोका नाही. धोका आहे तो मेलेला पक्षी हातात घेण्यात.

आपल्या राज्यातल्या तारखा बघा. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या आणि त्याच दिवसांत मुंबई, ठाणे, दापोलीतल्या मेलेल्या पक्ष्यांचे नमुनेही बाधित निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातलं वेहळोली. जानेवारी २०२५ मध्ये उरणचं चिरनेर, लातूर जिल्ह्यात उदगीरचे कावळे, आणि नागपूरच्या गोरेवाड्यात वाघ-बिबट्यांचे मृत्यू. सगळे प्रसंग थंडीतले आणि थंडी सरतानाचे. उरण आणि शहापूर तर मुंबईला दूध आणि वैरण पुरवणाऱ्या पट्ट्यातलेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्या देशात गायी-म्हशींमध्ये हा आजार आढळल्याची नोंद नाही. हा सल्ला घाबरवण्यासाठी लिहिलेला नाही. पण दुसरीकडे काय झालं ते कळल्यावरही आपण हातावर हात ठेवून बसलो तर चूक आपलीच.

गायीच्या कासेत बर्ड फ्लू

मार्च २०२४ पर्यंत जनावरांचे डॉक्टरसुद्धा बर्ड फ्लू हा कोंबड्यांचा आजार मानत. त्या महिन्यात अमेरिकेतल्या टेक्सास आणि कॅन्सस राज्यांत दुभत्या गायींमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. गायी अचानक चारा कमी खायला लागल्या, दूध घटलं, आणि जे आलं ते घट्ट, पिवळसर, चिकासारखं. कळपातल्या साधारण १० टक्के गायी आजारी दिसत, बहुतेक वेत झालेल्या, भर दुधातल्या. बऱ्याचशा दोन-तीन आठवड्यांत सावरल्या. तपासणीत नाकापेक्षा दुधात विषाणू कितीतरी पटीनं जास्त निघाला. गायीच्या कासेतल्या पेशी या विषाणूला चिकटायला सोयीच्या असतात, त्यामुळे तो तिथेच वाढतो आणि धारेबरोबर बाहेर पडतो.

त्याच गोठ्यांमधल्या मांजरींना आजारी गायींचं कच्चं दूध आणि चीक मिळत होता. त्यांतल्या अनेक मांजरी आंधळ्या झाल्या, झटके येऊन मेल्या. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची खूण वाटते. आपल्या प्रत्येक तबेल्यात मांजरी असतात, आणि नासलेलं, गुठळ्यांचं दूध त्यांच्यापुढे ओतायची आपली जुनी सवय आहे.

माणसांतही लागण झाली. अमेरिकेत सत्तरच्या आसपास माणसं बाधित निघाली, त्यांतली निम्म्याहून जास्त गोठ्यांत काम करणारी होती. बहुतेकांचा आजार सौम्य होता, डोळे लाल होणं, चुरचुरणं, थोडा ताप. म्हणजे विषाणू डोळ्यांतून शिरला होता. धार काढताना तोंड कासेच्या उंचीला असतं, हे ज्यानं आयुष्यभर हे काम केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मेंढ्या-बकऱ्याही सुटल्या नाहीत. मार्च २०२४ मध्येच मिनेसोटात बाधित कोंबड्यांच्या आवारात राहणारी बकरीची पिल्लं दगावली. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये एका मेंढीच्या दुधात हा विषाणू सापडला, तिथेही आवारात बाधित पक्षी होते. अमेरिकेतला अनुभव गायींचा आहे, पण तेवढ्यावरून म्हैस सुरक्षित आहे असं धरून चालू नका.

७२ अंश आणि १५ सेकंद

आता मूळ प्रश्न. हा विषाणू गोठ्यात कितीही त्रासदायक असला तरी उष्णतेपुढे कमजोर आहे. त्याच्या भोवती चरबीचं पातळ आवरण असतं. ते उष्णतेनं आणि साबणानंही तुटतं, आणि ते तुटलं की विषाणू निकामी होतो. पाश्चरायझेशनची तापमानं मुळात क्षयरोगाचे आणि क्यू फिवरचे (जनावरांपासून माणसाला होणाऱ्या तापाचे) चिवट जंतू मारण्यासाठी ठरवलेली आहेत. त्यांच्या मानानं फ्लूचा विषाणू लवकर मरतो.

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे दूध ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद ठेवायचं आणि लगेच ४ अंशांपर्यंत थंड करायचं. पहिली पद्धत टाकीची, दुसरी प्लेट पाश्चरायझरची. ६३ अंशांच्या प्रयोगात अडीच मिनिटांतच जिवंत विषाणू हजार कोटी पटीनं घटला. तिथे आपण तीस मिनिटं देतो.

७२ अंशांबद्दल मात्र थोडा गोंधळ झाला होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात काही प्रयोगशाळांनी दूध लहान नळ्यांत घेऊन ७२ अंशांना १५-२० सेकंद तापवलं. विषाणू प्रचंड घटला, पण काही नमुन्यांत किंचित शिल्लक राहिला. बातम्यांनी तेवढाच धागा पकडला. मात्र डेअरीत दूध नळीत पडून तापत नाही. ते प्लेट्समधून वाहत वाहत गरम होत जातं आणि मग होल्डिंग ट्यूबमध्ये ठरलेला वेळ काढतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं आणि कृषी खात्यानं मिळून अशा वाहत्या यंत्रावर चाचणी केली. विषाणू होल्डिंग ट्यूबपर्यंत पोहोचायच्या आतच, तापतानाच मरत होता. बाधित भागातल्या कच्च्या दुधात जेवढा विषाणू सापडला होता, त्याच्या कित्येक कोटी पट जास्त विषाणू मारण्याची ताकद या पद्धतीत निघाली.

तिथल्या दुकानांतले नमुनेही तपासले गेले. ३८ राज्यांमधल्या प्लांटमध्ये तयार झालेलं दूध आणि दुधाचे पदार्थ मिळून २९७ नमुने होते. पाचातल्या साधारण एका नमुन्यात पीसीआर चाचणीला विषाणूचे अंश मिळाले, पण अंड्यात टोचून पाहिल्यावर एकाही नमुन्यातून जिवंत विषाणू वाढला नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा. पीसीआर विषाणूच्या जनुकाचे तुकडे दाखवते, तो जिवंत आहे का हे दाखवत नाही. उद्या कुठे ‘दुधात बर्ड फ्लूचे अंश’ अशी बातमी आली तर पहिला प्रश्न हाच विचारा, दूध कच्चं होतं की पाश्चराइज केलेलं, आणि विषाणू जिवंत होता का. २००६ आणि २०२१ मध्ये अफवांनी कोंबडीपालन करणाऱ्यांची काय अवस्था केली ते आपण पाहिलंय. दुधाच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नसेल तर बोलण्याआधी माहिती पक्की हवी.

ज्यांचा स्वतःचा छोटा प्लांट आहे

वसई, भिवंडी, पालघरकडे तबेल्याचं दूध पिशवीत भरणारे छोटे प्लांट बरेच आहेत. वरचा सगळा दिलासा यंत्र नीट चालत असेल तरच लागू होतो. तापमान ७२ च्या खाली घसरलं की दूध आपोआप मागे वळवणारा व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर कच्चं दूध पिशवीत जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. हा व्हॉल्व्ह रोज सुरुवातीला तपासा, तापमानाची नोंद रोज ठेवा. दर लॉटची फॉस्फेटेज चाचणी करा. फॉस्फेटेज हे कच्च्या दुधातलं नैसर्गिक द्रव्य, आणि पाश्चरायझेशनच्या उष्णतेलाच ते नष्ट होतं. चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे दूध पुरेसं तापलं, पॉझिटिव्ह आली तर एक तर ते कमी तापलं किंवा पुढे कुठेतरी त्यात कच्चं दूध मिसळलं. स्वस्त चाचणी आहे, पैसे वाचवण्यासाठी टाळू नका.

टाकीत तापवत असाल तर ढवळणी चालू हवी आणि झाकण लावलेलं हवं. वरचा फेस दुधापेक्षा थंड राहतो, त्यात जंतू तग धरतात. क्रीमसाठी नियम थोडा वेगळा आहे. स्निग्धांश १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर परदेशी मानकांत तापमान ३ अंशांनी वाढवतात. म्हशीचं दूध ६ ते ७ टक्क्यांचं, ते नेहमीच्या नियमात बसतं. मलई वेगळी पाश्चराइज करणाऱ्यांनी मात्र ही वाढ आपल्याकडेही पाळावी.

सुट्टं दूध घरोघरी देणाऱ्यांसाठी

जोगेश्वरी, गोरेगाव, आरे, कांदिवली भागातल्या तबेल्यांचं बरंचसं दूध पाश्चराइज न होताच गिऱ्हाइकाच्या पातेल्यात पडतं. घरी ते उकळलं जातं, आणि आजवर मुंबईला याच सवयीनं सांभाळलंय. उकळताना दूध वर येतं तेव्हा ते ९० अंशांच्या पुढे गेलेलं असतं, फ्लूचा विषाणू त्याच्या खूप आधी मेलेला असतो. तरी दूध वर आल्यावर गॅस मंद करून दोन-तीन मिनिटं ढवळत ठेवायला सांगा, कारण मोठ्या पातेल्यात सगळं दूध सारखं तापत नाही आणि कच्च्या दुधात फ्लूखेरीज ब्रुसेलासारखे (जनावरांत गर्भपात आणि माणसांत ताप आणणारे) दुसरेही जंतू असू शकतात. मायक्रोवेव्हमध्ये कोमट करणं म्हणजे उकळणं नव्हे.

थंडीनं हा विषाणू मरत नाही. ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाधित कच्च्या दुधात तो कित्येक आठवडे जिवंत राहिल्याचं प्रयोगात दिसलंय. कॅनमध्ये बर्फ घातला म्हणजे दूध सुरक्षित झालं असं गिऱ्हाइकाला कधी सांगू नका. उकळलेलं किंवा पाश्चराइज केलेलं दूध पुन्हा कच्च्या दुधाच्या कॅनमध्ये ओतलं, त्याच मापानं मोजलं, तर तापवल्याचा फायदा तिथेच संपला. मापं वेगळी ठेवा.

धारोष्ण दुधाबद्दल स्पष्टच लिहितो. तालमीतली, व्यायामशाळेतली पोरं अजून ते मागायला येतात, काही आजीआजोबा नातवंडांना पाजतात. ते ऊन असतं ते म्हशीच्या अंगाच्या उष्णतेनं, साधारण ३८ अंश, आणि त्याच उष्णतेत तर विषाणू वाढलेला असतो. देऊ नका. ‘आमच्या आजोबांना काही झालं नाही’ हा युक्तिवाद कानाआड करा. त्यांच्या काळात हा विषाणू कासेत शिरलेला नव्हता.

महाशिवरात्र याच हंगामात येते. अभिषेकाला कच्चं दूध जातं, त्यातलं तीर्थ म्हणून घेतलं जातं, सत्यनारायणाच्या पंचामृतातही तेच. श्रद्धेला हात न लावता एवढं करता येतं की प्यायच्या पंचामृतासाठी उकळून गार केलेलं दूध द्यायचं. देवळाच्या पुजाऱ्यांशी आणि सोसायटीच्या मंडळाशी आधी बोलून ठेवा, बहुतेक जण ऐकतात.

खरवसाची काळजी करायचं कारण नाही, तो मधोमध पूर्ण धरेपर्यंत वाफवलेला असला की झालं. दही, पनीर, खवा, तूप हे उकळलेल्या किंवा चांगल्या तापलेल्या दुधाचेच होतात. कच्च्या दुधाची मशीननं काढलेली मलई मात्र न तापवता विकू नये. आंबट झालं की विषाणू मरतो असंही समजू नका, तो किती मरतो हे आंबटपणा किती आहे यावर ठरतं, आणि तुमच्या विरजणात तो किती आहे हे कुणी मोजत नाही.

गोठ्यात काय करायचं

पहिलं काम पक्ष्यांना दूर ठेवण्याचं. कावळे आणि कबुतरं तबेल्यात पेंडीसाठी येतात, बगळे शेणातल्या किड्यांसाठी. पेंड आणि भुसा झाकलेल्या पिंपात ठेवा, खोलीच्या खिडक्यांना जाळी मारा, गव्हाणीत उरलेलं खाणं रात्रभर तसंच सोडू नका. पाण्याच्या टाकीवर झाकण हवं. तबेल्याच्या आवारात कोंबड्या आणि बदकं पाळणं या पाच महिन्यांत तरी बंद करा, आणि पॅरा गवताच्या उभ्या पिकाला कोंबडी खत घालू नका.

दुसरं, धार काढण्याची शिस्त. प्रत्येक जनावराची पहिली धार काळ्या कपड्यावर किंवा स्ट्रिप कपमध्ये घ्या. गुठळ्या, पिवळेपणा, घट्टपणा दिसला तर ते जनावर बाजूला काढा आणि शेवटी पिळा. कासदाह, म्हणजे आपली दगडी, अशीच सुरू होते आणि बहुतेक वेळा ती साधी दगडीच असते. पण विऊन दोन-तीन महिने झालेली म्हैस एकाएकी चिकासारखं दूध देऊ लागली, चारा टाकला, आणि आठवड्याच्या आत शेजारच्या दावणीवरच्या आणखी दोन-चार तशाच झाल्या, तर घरगुती उपाय थांबवा. असलं दूध ‘चीक आहे’ म्हणून खरवसाला विकणं तर पूर्ण वर्ज्य.

हात साबणानं धुणं आणि सड कोरड्या स्वच्छ कापडानं पुसणं, प्रत्येक जनावराला वेगळं कापड, हे रोजचं असलं पाहिजे. मिल्किंग मशीन वापरणाऱ्यांनी रबरी लायनरकडे विशेष लक्ष द्यावं. कच्च्या दुधातला हा विषाणू रबर आणि स्टीलवर तासाहून जास्त टिकतो, एवढ्या वेळात एका क्लस्टरखालून (सडांना लावायच्या कपांच्या जोडणीखालून) किती तरी जनावरं जातात. संशयित जनावराला मशीन लावूच नका.

धार काढणाऱ्या माणसांकडे मालकानं लक्ष द्यायला हवं. यांतले बरेच जण घरापासून शेकडो कोस दूर, तबेल्याच्या माळ्यावरच राहणारे. डोळे लाल झाले तर ते सांगत नाहीत, कामाचा खाडा पडेल म्हणून. त्यांना आधीच विश्वास द्या की डोळे आले, ताप आला तर पगार न कापता सुट्टी आणि दवाखाना मिळेल. आजारी जनावर हाताळताना चष्मा, मास्क आणि हातमोजे मालकानं विकत आणून द्यावेत. कासेजवळून उठल्यावर त्याच बाहीनं तोंड पुसायची सवय मोडायला लावा.

तिसरं, जनावरांची खरेदी. अमेरिकेत हा आजार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोहोचला त्याचं मोठं कारण दुभत्या गायींची ने-आण. एप्रिल २०२४ च्या शेवटी तिथल्या सरकारनं राज्याबाहेर नेण्यापूर्वी दुभत्या गायींची चाचणी सक्तीची केली. आपले तबेले तर हरियाणा आणि गुजरातमधून आलेल्या मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणी म्हशींवरच चालतात. ट्रकमधून उतरलेली म्हैस त्याच संध्याकाळी रांगेत बांधली जाते. जागेची अडचण मला मान्य आहे, मुंबईत दावणीची एक जागाही महाग. तरीही नवीन जनावरं तीन आठवडे वेगळी बांधा, निदान एका टोकाला, मधे दोन दावणी रिकाम्या ठेवून, आणि त्यांचं दूध शेवटी पिळा.

शंका आली तर

संशयित जनावराचं दूध टाकीत मिसळू नका. पाश्चरायझेशन विषाणू मारतं म्हणून आजारी जनावराचं दूध चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. ते दूध वेगळ्या भांड्यात खळखळून उकळा आणि मगच टाका, कच्चं नाल्यात सोडू नका. कुत्र्या-मांजरांना, रेडकांना घालू नका. त्या म्हशीच्या रेडकाला दुसऱ्या निरोगी जनावराचं उकळून कोमट केलेलं दूध पाजा.

पशुवैद्यकाला बोलवा, १९६२ या पशुसंवर्धन खात्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. तबेल्यात किंवा आजूबाजूला कावळे, कबुतरं, बगळे मरून पडलेले दिसले तर हात न लावता मुंबईत महापालिकेच्या १९१६ वर, इतरत्र १९६२ वर कळवा आणि पथक येईपर्यंत त्या जागी जनावरं, मांजरं, मुलं जाऊ देऊ नका. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात, निकालाला काही दिवस लागतात. तोवर तबेल्यातून जनावर बाहेर विकू नका, नवीन आत घेऊ नका. डॉक्टरांना सांगण्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवा: कोणत्या तारखेपासून दूध घटलं, किती लिटरनं घटलं, किती जनावरं, आणि गेल्या महिन्यात कुठून कोणतं जनावर आणलं. गोठ्यातल्या कुणाचे डोळे लाल असतील तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात पाठवा आणि ‘आजारी जनावराची धार काढत होतो’ हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायला लावा, म्हणजे ते तपासणी आणि औषध त्या दिशेनं सुरू करतील.